गच्चीवरची सवाष्ण

घरातल्या कोणालाही आजार होऊ नये म्हणून घरातल्या डॉक्टरला घराबाहेर ठेवायचे, असा निर्णय आमच्या घरात एकमताने झाला. एकमताने म्हणजे माझा धाकटा भाऊ रखमाजी याच्या मताने. तो पंचायत समितीतून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झाला, त्याला बरीच वर्षे झाली. पण ही गोष्ट त्याला अजून कोणी लेखी कळवलेली नाही.

मी जाफराबादहून जालन्याला त्याच्याकडे मोतीबिंदू काढायला आले होते. एक डोळा झाला, दुसऱ्याची तारीख मिळाली आणि टाळेबंदी लागली. चार दिवसांसाठी आलेली मी दिवाळीपर्यंत राहिले. त्या काळात जे पाहिले ते एका डोळ्याने पाहिले. त्या घरासाठी तेवढा पुरेसा होता.

घरात रखमाजी, त्याची बायको झुंबरबाई आणि तिचे दोन गुडघे. गुडघे वेगळे सांगते, कारण घरातले पुष्कळ निर्णय तेच घेत. मुलगा हरिओम कॉलेजात इतिहास शिकवतो. सून दैवशाला सरकारी डॉक्टर. नात आयुषी, पहिलीतली. दैवशालाची नेमणूक कोविडच्या वॉर्डात झाली त्याच संध्याकाळी रखमाजीने सगळ्यांना बैठकीत बोलावले, चष्मा पुसला आणि पहिला आदेश वाचून दाखवला. ऐकणारे आम्ही पाचजण होतो, तरी त्याने "सर्व संबंधितांना" असेच म्हटले.

आदेशाने घराचे तीन झोन पाडण्यात आले. बैठक, देवघर आणि झोपायच्या खोल्या हिरव्या. बाहेरून गच्चीवर जाणारा जिना नारिंगी. गच्चीवरची पत्र्याची खोली लाल. त्या खोलीत तोवर वर्षाचे कांदे, नादुरुस्त कूलर आणि आयुषीचा जुना पाळणा राहत होता. कांदे उन्हाने खराब होतात म्हणून ते खाली आणण्यात आले, आणि दैवशालाला वर पाठवण्यात आले.

"बाबा, वर पत्रा फार तापतो," ती जिन्याच्या पायथ्याशी बॅग धरून म्हणाली.

"उष्णतेत विषाणू टिकत न्हाई," रखमाजी म्हणाला. "तुझ्याच सोयीचं हाय ते."

ती जिना चढली. वेगळे राहायचे हे तिनेच ठरवले होते. वॉर्डात काय चालले आहे ते आमच्यापेक्षा तिला जास्त माहीत होते. तिची चूक एवढीच झाली की वेगळे म्हणजे वेगळे, असे तिला वाटले.

मला ही व्यवस्था नवी नव्हती. माझ्या लहानपणी, निजामाचा अंमल नुकताच संपला होता तेव्हा, घरातल्या बाया महिन्याचे चार दिवस मागच्या ओसरीत बाहेर बसत. फार वाईट चाल होती. गेली ते बरे झाले. पण त्या चालीत एक मोठी त्रुटी होती. बाहेर बसलेल्या बाईला कशालाच हात लावता येत नसे. तिला पाणी भरता येत नसे, भाकरी थापता येत नसे, कोणाचे पाय चेपता येत नसत. माझी काकू ते चार दिवस पाय पसरून शेंगा फोडून खात बसे, आणि सासूने हाक मारलीच तर म्हणे, "मला शिवू नका, आत्याबाई." तिचा तेव्हाचा चेहरा मला अजून आठवतो. इतर सव्वीस दिवसांत तो तसा कधी दिसला नाही. मागासलेला काळ होता. बाईला बाहेर बसवले की तिचे कामही तिच्यासोबत बाहेर बसायचे. बाई बाहेर आणि काम आत, ही सुधारणा शिकलेल्या माणसांना सुचायची होती.

सुधारणा चौथ्या दिवशी अमलात आली. कामवाली बंद झाली होती. झुंबरबाईच्या गुडघ्यांनी असमर्थता कळवली. मी तीन दिवस खिचडी केली. एका डोळ्याला मीठ आणि साखर सारखीच दिसते. हरिओमने एकदा चहा केला. त्याची चौकशी अजून संपलेली नाही.

तेव्हा रखमाजीने एकसदस्यीय समिती नेमली. सदस्य तोच. समितीने दुपारच्या झोपेनंतर अहवाल दिला. विषाणू उष्णतेने मरतो. घरात सर्वात जास्त उष्णता गॅसजवळ असते. सबब गॅसजवळ उभी राहणारी व्यक्ती, ती उभी असेपर्यंत, निर्जंतुक समजण्यात यावी. पहाटे पाच ते सात स्वयंपाकघर तात्पुरते लाल राहील. संबंधित डॉक्टरने न्हाणीतून अंघोळ करून मागच्या दाराने यावे, दोन्ही वेळचा स्वयंपाक करावा, ओटा जंतुनाशकाने पुसावा आणि आपला डबा घेऊन वर जावे. सात वाजता स्वयंपाकघर आपोआप हिरवे होईल.

"मंग खालीच जेवून गेली तर?" मी विचारले.

"अक्का, जेवताना तोंड उघडं राहतं."

"आन् पोळ्या लाटताना?"

"पोळ्या लाटताना बोलायला कोण असतं तिच्यासंग?"

हे मात्र खरे होते. आमच्या घरात पोळ्या लाटणाऱ्या बाईशी कोणी बोलत नाही.

कोणी असे समजू नये की घराला तिचा अभिमान नव्हता. थाळ्या वाजवायच्या दिवशी रखमाजीने झुंबरबाईच्या माहेरची पितळी परात ओसरीत आणली आणि लाटण्याने इतकी बडवली की तिला मधोमध पोचा आला. "आमच्या घरात योद्धा हाय!" तो शेजारच्या भिंतीकडे तोंड करून ओरडत होता. योद्धा पुढे रोज पहाटे त्याच परातीत कणीक मळायचा. पोच्यामुळे परात ओट्यावर डुलायची, म्हणून एका हाताने ती धरून ठेवावी लागायची.

शेजारी भुसारवाले बालकिशन आणि त्यांची भगवतीदेवी. चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेले घर, मराठी आमच्याइतकेच. त्यांनीही थाळ्या वाजवल्या. मग त्यांनी आमच्या बाजूच्या खिडक्या बंद केल्या आणि दैवशालाचा नंबर घेतला. त्यांच्याकडे कोणाला खोकला झाला की फोन यायचा. घशात खवखव, की फोन यायचा. जेवण जास्त झाले, तरी फोन यायचा. फोनमधून आजार येत नाही, हे जालन्यातल्या लोकांना फार लवकर कळले होते.

आयुषीची शाळा मोबाईलवर भरू लागली. हरिओमला स्वतःचे वर्ग होते. तो बैठकीत पंखा लावून इतिहास सांगायचा, आणि पलीकडे मुले कॅमेरा बंद करून तो ऐकायची किंवा झोपायची. इतिहासाला त्याने फरक पडत नाही. म्हणून आयुषीचा अभ्यास आईकडे वर्ग करण्यात आला. दैवशाला ड्यूटीवरून आली की गच्चीच्या कठड्याशी उभी राहायची. अंगणातून आयुषी पाढे म्हणायची, वरून ती चुका सांगायची.

पाढे संपले की मुलगी रोज एकच प्रश्न विचारायची. "आई, तू खाली कधी येणार?"

"आजोबांना विचार."

"आजोबा, आई खाली कधी येणार?"

"प्रस्ताव विचाराधीन हाय, बाळा."

मग ती मान वर करून ओरडायची, "आई, तू विचाराधीन आहेस!"

प्रस्ताव फार मोठा नव्हता. दैवशालाला काही दिवस सलग ड्यूटी असायची, मग तपासणी व्हायची, आणि मग काही दिवस विश्रांती मिळायची. तपासणी निगेटिव्ह आली तर विश्रांतीच्या दिवसांत खाली यावे आणि आयुषीला जवळ घेऊन झोपावे, एवढेच तिचे म्हणणे होते. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहून तिने ते दोनदा मांडले. मी दोन्ही वेळा हजर होते.

"निगेटिव्ह म्हणजे त्या दिवसापुरतं," रखमाजी म्हणाला. "कायमस्वरूपी निगेटिव्हचा दाखला मिळत असंल तर घेऊन ये. मी कशाला अडवू?"

"तसा दाखला नसतो, बाबा."

"मंग माझा नाइलाज हाय."

हरिओम बायकोच्या बाजूने होता. तसे तो तिला फोनवर रोज सांगायचा. फक्त ती बाजू गच्चीवर होती आणि तो खाली.

असे करता करता भादवा आला. गावात पेशंट वाढत चालले होते. कोणाच्या घरी गणपती लहान झाला, कोणाच्या घरी आलाच नाही. झुंबरबाईला मी म्हटले, यंदा महालक्ष्म्यांची नुसती पूजा करू.

"वन्सं, काय बोलून राह्यल्या?" ती म्हणाली. "पटकी आल्ती तवाबी आपल्याकडं महालक्ष्म्या उभ्या राह्यल्या. रझाकाराच्या धामधुमीत राह्यल्या. आन् आता पोरगी डॉक्टर असून बसवायच्या न्हाईत?"

उभ्या करायच्या म्हणजे पुरणाचा स्वयंपाक, सोळा भाज्या, कढी, आंबील, फुलोऱ्याच्या करंज्या. आणि नैवेद्य घरच्या सुनेच्याच हातचा लागतो; गुडघ्यांच्या हातचा चालत नाही. दैवशालाची ड्यूटी नुकतीच संपली होती, तपासणी निगेटिव्ह आली होती, विश्रांतीचे दिवस सुरू झाले होते. सरकारने दिलेली ती विश्रांती आमच्या घराने धार्मिक कार्याकडे वळती केली. रखमाजीने शुद्धिपत्रक काढून स्वयंपाकघर तीन दिवसांसाठी पहाटेपासून दुपारपर्यंत लाल केले. आदल्या दिवशी तिने करंज्या तळल्या. नैवेद्याच्या दिवशी ती पहाटेच खाली उतरली. मी उठले तेव्हा पुरण शिजत होते आणि ती डुलणाऱ्या परातीवर ओणवी होऊन कणीक मळत होती.

"झोप झाली का गं?" मी दाराबाहेरूनच विचारले.

"होईल, आत्याबाई. मार्चपासूनची आहे. एकदमच घेईन."

दुपारी नैवेद्य तयार झाला आणि एक तांत्रिक अडचण उभी राहिली. आमच्याकडची रीत अशी की महालक्ष्म्यांना नैवेद्य दाखवला की आधी बाहेरची एक सवाष्ण जेवते, आणि तिच्यासोबत एक कुमारिका. ती सवाष्ण म्हणजे त्या दिवशीची देवीच. ती तृप्त होऊन आपणहून उठेपर्यंत घरात कोणी घास घ्यायचा नाही, आणि तिला पानावरून कोणी उठवायचे नाही. मी विधवा, त्यामुळे माझ्या जेवणाची देवाला कधीच घाई नसते. दरवर्षी भगवतीदेवी यायच्या. झुंबरबाईने भिंतीपाशी जाऊन हाक मारली.

खिडकीची एक फट उघडली. "झुंबरबाई, मी तर मनानं तुमच्या पाटावर बसलीच समजा. पर तुमच्याकडं डॉक्टर आहे ना. बुरा नका मानू." फट बंद होता होता पुन्हा उघडली. "आणि तिला जरा विचारा ना, यांना सकाळपासून ढेकर येऊन राह्यले."

गल्लीतल्या बाकीच्या सवाष्णींनीही मनानेच यायचे कबूल केले. झुंबरबाई डोळ्यांना पदर लावून महालक्ष्म्यांसमोर बसली. कढी निवत चालली होती. रखमाजी हात मागे बांधून अंगणात तीन फेऱ्या मारून आला.

"दैवशालाच बसंल," तो म्हणाला.

"ती घरची सून हाय. बाहेरची सवाष्ण पाह्यजे."

"बाहेरचीच हाय ती. पाच महिने झाले, या घरात कुठं राह्यली? जिना वेगळा, ताट वेगळं, निजणं वेगळं. कोणत्याबी कार्यालयात विचार, असल्या माणसाला घरचं धरत न्हाईत."

"आन् सैपाक केला तो?"

"तो सून या नात्यानं. जेवंल ती बाहेरची या नात्यानं. अतिरिक्त कार्यभार म्हणतेत त्याला. मी तर एकाच वेळी तीन टेबलं सांभाळलीत."

दैवशाला मागच्या दारात उभी राहून ऐकत होती. हाताला बेसन, केसांत पिठाचे कण. "मला चालेल," ती म्हणाली. "बसायला मिळेल ना?"

तिला महालक्ष्म्यांच्या शेजारी, भिंतीकडे पाठ करून बसवले. रीतीप्रमाणे सवाष्णीचे पाय धुवायचे असतात. ते झाडांना पाणी घालायच्या पाइपने लांबून धुण्यात आले. झुंबरबाईने लांब दांड्याच्या झाऱ्याच्या टोकाला हळदीकुंकू लावून तिच्या कपाळाकडे नेले. हळद कपाळावर लागली, कुंकू नाकावर. ओटीचा खण तिच्या पदरात फेकला. मग आम्ही सगळ्यांनी सुरक्षित अंतरावरून देवीला नमस्कार केला. कुमारिका म्हणून आयुषीला बसवले. दुसऱ्या कोणाच्या मुली येणार नव्हत्या. रखमाजीने टेप धरून तिचा पाट सहा फुटांवर मांडला.

दैवशालाने पुरणपोळीचा पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्या घासाला हात पानातच थांबला, पाठ भिंतीला टेकली आणि मान खांद्यावर गेली. ती झोपली.

आधी आम्हाला वाटले, देवीचे स्मरण करते आहे. मग बारीक घोरणे ऐकू आले.

"दैवशाला," रखमाजीने हळूच हाक मारली. "ए दैवशाला—"

"रखमाजी, काय करून राह्यला?" मी म्हटले. "सवाष्णीला पानावरून उठवायचं न्हाई."

"अक्का, ती जेवून कुठं राह्यली? झोपली ती."

"पान सोडलं का तिनं? हात पानातच हाय. म्हणजे जेवण चालू हाय."

रखमाजीने पानाकडे पाहिले. हात खरोखरच पानात होता. सारी उमर ज्याने नियमाच्या एका ओळीसाठी लोकांना परत पाठवले, त्याला ती ओळ समोर दिसत होती. तो खाली बसला.

"पर किती वेळ?" त्याने विचारले.

"देवीला मुदत घालून देतेत का?"

पुरणपोळ्यांचा ढीग डब्यात होता. तुपाचा वास बैठकीपर्यंत गेला होता. कढीवर साय धरली, भज्यांचा कुरकुरीतपणा गेला. हरिओमने पापडाकडे हात नेला. आईने त्यावर चापट मारली. रखमाजीला मधुमेह; त्याने दोनदा पाणी पिऊन पोटाला अंतरिम दिलासा दिला. भूक मलाही लागली होती. पण काकूची आठवण येत होती, आणि त्या आठवणीवर मी आणखी तास दोन तास काढू शकले असते.

आयुषी जेवली. मग तिने बसल्या जागी पाट थोडा पुढे सरकवला. आमच्याकडे पाहिले. पुन्हा सरकवला. असे करत करत पाट आईच्या पाटाला लागला, आणि तिने हळूच आईच्या मांडीवर डोके ठेवले.

"अंतर! अंतर!" रखमाजी दबक्या आवाजात ओरडला.

"कुमारिकेलाबी उठवायचं नसतं," मी म्हटले.

झोपेतच दैवशालाचा डावा हात उचलला गेला आणि मुलीच्या केसांवर येऊन थांबला. उजवा पानातच होता. झुंबरबाई एकदम उठली. मला वाटले, ओढून काढते की काय पोरीला. तिने पंख्याचे बटण दाबले आणि परत जागेवर बसली. हरिओमने मोबाईल काढून फोटो घेतला.

ऊन दारातून आत सरकले तेव्हा दैवशाला जागी झाली. तिने मांडीकडे पाहिले, मग आमच्या चेहऱ्यांकडे. सगळे तिच्या पानाकडे बघत होते.

"हे नियमबाह्य झालेलं हाय," रखमाजी म्हणाला.

तिने पान पुढे ओढले. अर्धी राहिलेली पुरणपोळी तुपात बुडवून सावकाश संपवली, कढी प्याली. मग म्हणाली, "बरोबर आहे, बाबा. जवळचा संपर्क आला. आता नियमाप्रमाणे आयुषीला लाल झोनमध्ये ठेवावं लागेल."

"लाल झोनमधी म्हणजे?"

"वरच्या खोलीत. तुमचाच आदेश आहे."

"पर तू तर निगेटिव्ह हायेस!"

"निगेटिव्ह म्हणजे त्या दिवसापुरतं, बाबा."

रखमाजीने पुरणपोळ्यांच्या डब्याकडे पाहिले. भूक, मधुमेह आणि स्वतःचाच आदेश, तिन्ही एकदम अंगावर आले होते. "अपवादात्मक बाब म्हणून," तो शेवटी म्हणाला, "आणि हे पूर्वोदाहरण समजू नये." तोवर आयुषी स्वतःची उशी घेऊन नारिंगी जिना चढलीही होती.

पुढची ड्यूटी लागेपर्यंत दोघी वर झोपल्या. रात्री पत्र्याखालून हसण्याचा आवाज यायचा. ड्यूटी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दैवशालाने स्वतःच मुलीला खाली पाठवले, कोणाच्या आदेशाशिवाय. आणि त्या मधल्या सगळ्या दिवसांत ती पहाटे पाचला स्वयंपाकघरात होतीच. एवढ्या मोठ्या घराला एकदम सगळे पचत नाही.

तो फोटो मात्र हरिओमने त्याच संध्याकाळी सगळीकडे टाकला. पाइप, झारा आणि टेप कापून टाकले होते. राहिली ती डोळे मिटलेली दैवशाला, मांडीवर मुलगी, शेजारी महालक्ष्म्या. खाली त्याने लिहिले होते, "देवीसमोर ध्यानमग्न झालेली आमची कोविड योद्धा." लोक गहिवरले. नोकरी सांभाळून संस्कार जपले, असे कोणी लिहिले. कोणी नुसतेच हात जोडले. भगवतीदेवींनी तर हृदयच पाठवले, आणि खाली ढेकरांचे औषध विचारले.

अक्षरे मला बारीक दिसायची, म्हणून मी सगळ्या प्रतिक्रिया हरिओमकडून मोठ्याने वाचून घेतल्या. एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होते: "अशी सून प्रत्येक घरात हवी." इतक्या लोकांनी लिहिले होते की त्यात तुम्हीही असालच.

आता माझा दुसरा डोळाही झाला आहे. लांबचेही स्पष्ट दिसते. म्हणून विचारते. मिळाली का तुम्हाला तशी सून? आणि मिळाली असेल, तर कोणत्या मजल्यावर ठेवली आहे?